खंडेनवमीच्या पाटावरून

माझं हत्यार मोरीपाशी ठेवलं होतं.

मोरी म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बाहेरची. मावशी तिथं रक्ताळलेली फडकी भिजवतात. शेजारी फरशीची बादली, बादलीच्या कडेवर ओला मॉप. आणि कठड्यावर वर्तमानपत्राचा तुकडा टाकून त्यावर माझा लॅरिंगोस्कोप. बेशुद्ध माणसाच्या घशात उजेड पाडून श्वासाची नळी आत सारायची, ते हे हत्यार. धरायचं डाव्या हातानं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरचा उजवा हात तोच.

काचेच्या दारातून आतलं दिसत होतं. पाट मांडलेला. लाल कापड. त्यावर मोठ्या सरांच्या कात्र्या, चिमटे, हाडं कापायची करवत. मॅडमचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, स्टेथोस्कोप. फिजिओथेरपीवाल्याचा हातोडा. वॉचमनची बॅटरीसुद्धा. वायरमनचा टेस्टरसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. खंडेनवमी होती. या दवाखान्यात त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पूजेला ठेवायचं, अशी पद्धत.

मी पण दिलं होतं. आदल्या संध्याकाळी, माझ्या हातानं, पुसून, पिशवीत घालून. थिएटरच्या सिस्टरांकडं.

सिस्टरांना विचारलं, हे मोरीवर कसं आलं? त्या हाराचा गुंता सोडवत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यात नसतं ना हे. म्हणून बाजूला काढलं. तुमाला राग यायला नको."

राग यायला नको म्हणून! काय पण काळजी.

दवाखाना बारामतीत, पण मी बारामतीची नाही. मी पळसदेवची. इंदापूर तालुका, उजनीच्या पाण्याच्या काठचं गाव. आजोबांनी दीक्षा घेतली, वडील शाळामास्तर झाले, इंदापुरात दोन खोल्या बांधल्या. मी डॉक्टर झाले. आधी एमबीबीएस, मग भूलशास्त्रातलं एमडी, मग बाँडची सरकारी नोकरी. सगळं लांबलांबच्या शहरांत. शिक्षण संपलं तेव्हा ठरवलं, आता आईवडिलांच्या जवळ यायचं. बारामतीत दवाखाने उदंड, भूलतज्ज्ञ कमी. काम मिळायला अडचण नव्हती.

अडचण घराची. भूलतज्ज्ञाला गावातच राहावं लागतं. बाळ आत गुदमरतंय म्हणून फोन आला तर इंदापूरहून निघून काय उपयोग? दवाखान्याच्या जवळ घर नाही म्हणजे धंदा नाही. एवढं साधं गणित.

म्हणून उन्हाळ्यात मी आणि आई घरं बघत हिंडलो. एक बंगला अजून आठवतो. मालक मूळचे पणदऱ्याचे, ऊसवाले, सगळे त्यांना आबा म्हणायचे. वरचा मजला रिकामा. डॉक्टरीण भाडेकरू म्हटल्यावर आबा खूश. चहा आला. मग सुरू झालं.

"गाव कंचं म्हनला?"

"पळसदेव."

"आन आडनाव?"

सांगितलं. माझं आडनाव असं आहे, की ते मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही आहे. आबांची गाडी तिथं अडकली. मग त्यांनी बाजूनं रस्ता काढला. पळसदेवात कुणाकडच्या? गावात का वस्तीवर? मास्तर कुठल्या शाळेवर होते? पाहुणे कुठंकुठं? मी अर्धवट उत्तरं देत होते आणि त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. हे सगळे प्रश्न मला पाठ आहेत. कॉलेजच्या होस्टेलमध्ये पोरींनी विचारलेत, पेशंटांनी विचारलेत. भाषा बदलते, खड्डा एकाच जागी खणतात.

शेवटी आबांनी आईला विचारलं, "कुलदैवत कोणचं म्हनायचं तुमचं?"

आई म्हणाली, "आमी बौद्ध हाय."

"आसं व्हय. चांगलं हाय की." आबांनी कप खाली ठेवला. "पर काय झालंय, वरच्या टाकीला गळती लागलीया. काम काढायचंय. दिवाळीपातूर जागा द्याला जमायचं न्हाय बघा."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "टाकी आत्ताच फुटली वाटतं."

आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. मग एसटीत बसल्यावर आई इंदापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

वडिलांचं वेगळं. ते म्हणाले, "असंल गळती खरंच. प्रत्येकात जात बघू नये माणसानं."

आई म्हणाली, "तुमी नगा बघू. त्ये बघत्यात."

आमच्या घरात हे भांडण जुनं आहे. वडिलांचा विश्वास शिकलेल्या माणसांवर. आईचा कुणावरच नाही. मी आईवर गेले. आणि माझं कामही तसंच निघालं बघा. पेशंट शपथेवर सांगतो, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. मी पुन्हा विचारते, चहा? चहा घेतला, म्हणतो, चहाला काय होतंय. त्या चहावर विश्वास ठेवून भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाईल आणि माणूस टेबलावरच दगावेल. म्हणून मी तीनतीनदा विचारते, तोंड उघडायला लावते, दात हलवून बघते. लोकांना वाटतं ही बाई संशयी आहे. आहेच मी.

तर घर मिळेना. तेव्हा हा दवाखाना आला. मोठे सर हाडांचे डॉक्टर, मॅडम बाळंतपणाच्या. नवराबायको दोघांनी मिळून उभा केलेला. सर म्हणाले, घराचं कशाला डोक्यात घेता, मागं क्वार्टर आहे, रहा. आणि वर म्हणाले, "आपल्याकडे असलं काही नसतं. तुम्ही आमच्या घरातल्याच."

असलं म्हणजे कसलं? मी तर काहीच बोलले नव्हते. घर का मिळत नाही, हेही सांगितलं नव्हतं. हे मी मनात टिपून ठेवलं. पण क्वार्टर घेतली.

खोटं कशाला बोलू, चार महिने बरे गेले. दुपारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवायचो. आईनं उजनीची चिलापी मासळी तळून पाठवली की पहिला तुकडा मॅडम उचलायच्या. "तुमच्या आईच्या हाताला काय चव आहे हो!" असं म्हणायच्या. मी त्यांच्या बोटांकडं बघायचे. बोटं अडखळायची नाहीत. मला वाटायला लागलं, मीच वाईट. मीच मनात विष घेऊन फिरते. वडिलांना फोनवर तसं सांगितलंही. ते खूश झाले.

दसऱ्याची सुट्टी मागितली तेव्हा सर हसून म्हणाले, "हो हो, तुमचा कार्यक्रम असतो ना." आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळं घर विहारात जातं. मी म्हटलं, हो सर. त्या "तुमचा" वर मन जरा थांबलं, पण मीच त्याला दटावलं.

मग दवाखान्याच्या ग्रुपवर मेसेज आला. उद्या खंडेनवमी, सर्वांनी आपापली हत्यारे सिस्टरांकडे जमा करावीत.

मी घरी फोन लावला. आई म्हणाली, "तुझं हत्यार तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. कुणी इचारलं तर सरळ सांग, आमी पूजा करत न्हाय." वडिलांनी फोन घेतला. "दे की. त्यानं काय आपण देव मानला असं होतंय का? माणसांत मिसळावं. त्यांनी मेसेज तुलाबी पाठवला ना?"

खरंच, मलाही पाठवला होता. मला त्याचंच बरं वाटलं होतं. मला पूजा नको होती. मला त्या पाटावर जागा पाहिजे होती. वॉचमनच्या बॅटरीशेजारी का होईना. सगळ्यांचं जिथं आहे तिथं माझं पण. हे आता लिहिताना कानशिलं गरम होतात. आजोबांनी गावचे देव सोडले ते काय या पाटासाठी? पण मी दिलं. वाकून दिलं. आणि वाकून दिलेलं त्यांनी उचलून मोरीवर ठेवलं.

"तुमच्यात नसतं ना."

सिस्टर हार घेऊन आत गेल्या. मी मोरीपाशी उभी. मनात आईवडील दोघं भांडत होते. एक म्हणत होता, खरंच आदर म्हणून काढलं असेल. दुसरी म्हणत होती, आदर मोरीवर ठेवतात व्हय? आदरच होता तर काल घेतानाच सांगायचं, मॅडम, तुम्हाला नको असेल तर देऊ नका. घेतलं कशाला?

तेवढ्यात मला शेखभाईंचा एप्रन दिसला.

शेखभाई आमचे एक्स-रेवाले. त्यांचा शिशाचा जड एप्रन पाटाला लागून खुर्चीवर ठेवला होता. त्याच्या छातीवर झेंडूचं टपोरं फूल. शेखभाईंच्यात असतं का खंडेनवमी? ते तर सकाळी नमाज पढून कामावर येतात. त्यांच्या भावना दुखत नाहीत, माझ्याच दुखतात? झालं. माझ्यासाठी तपासणी तिथंच संपली.

मी दार ढकलून आत गेले. सगळे जमले होते. सर सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून. मॅडम नऊवारीत. खुर्चीवर सरांच्या आई, सगळे त्यांना मोठ्या आई म्हणतात. मागं नर्सा, मावशी, शेखभाई, वॉचमन. आरतीचं ताट पेटवलेलं.

मी विचारलं, "सर, माझा लॅरिंगोस्कोप मोरीवर का ठेवलाय?"

सर शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, गैरसमज नको. तुमच्या श्रद्धेचा आदर म्हणून. तुमच्यावर कशाला जबरदस्ती?"

"शेखभाईंच्या श्रद्धेचा?"

शेखभाईंनी मान खाली घातली. मॅडम पाटावरच्या पाकळ्या सारख्या करायला लागल्या. पाकळ्या सारख्याच होत्या.

मोठ्या आई खुर्चीतूनच बोलल्या. "त्येला काय इचारती? मी काढाय लावलं. पाटावर माझा टाक हाय. सकाळी घट उठलं, तवा देव्हाऱ्यातनं हितं आणलाय."

मी बघितलं. हत्यारांच्या मधोमध, तांदळावर, चांदीचा इवलासा टाक. त्यांच्या कुलदैवताचा. एवढा वेळ झेंडूमागं झाकला होता.

मी म्हटलं, "टाकाशेजारी शेखभाईंचा एप्रन चालतो?"

"त्येचं येगळं. त्यो मुसलमान हाय."

"आणि मी?"

म्हातारीनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. राग नाही, लाज नाही, काही नाही. म्हणाली, "तुला ठावं न्हाय व्हय?"

एका मावशीनं पदर तोंडाला लावला. ती आमच्यातलीच आहे, हे मला माहीत होतं आणि तिला माझं. चार महिने आम्ही एकमेकींकडं बघून ते गिळत होतो.

"आई, तू गप्प बस," सर ओरडले. मग माझ्याकडं वळून, आवाज मऊ करून, "मॅडम, जुनं माणूस आहे. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "जुनं माणूस खरं बोललं सर. खोटं तुम्ही बोललात. तेही सिस्टरांच्या तोंडून."

त्यावर सरांचा चेहरा बदलला. चार महिने जो चेहरा मी शोधत होते, तो वर आला. म्हणाले, "मॅडम, बारामतीत तुम्हाला कुणी घर देत नव्हतं. ते का, मला माहीत होतं. तरी मी दिलं. एवढं तरी लक्षात ठेवा."

म्हणजे सगळं माहीत होतं. 'असलं' म्हणजे काय तेही. उपकार होता तो. आणि उपकार आज वसूल करायला काढला होता. रडायचं तर या लोकांसमोर नाही, मेले तरी नाही.

मी म्हटलं, "आजपासून मी तुमच्या पगारावर नाही. क्वार्टर संध्याकाळपर्यंत रिकामी करते. वर माळेगावची दिवस भरलेली बाई दाखल आहे, तिचं सिझर लागेल असं मॅडमच म्हणाल्यात. लागलं तर फोन करा, येईन. तिच्यासाठी. बाहेरची डॉक्टर म्हणून येईन आणि तशी बिल करीन."

बाहेर येऊन मी मोरीवरचं हत्यार उचललं. सर्जन जिथं हात धुतात त्या सिंकवर नेऊन साबणानं धुतलं. आत आरती सुरू झाली होती. घंटा वाजत होती. मला कुणी अडवलं नाही.

दोन बॅगा आणि एक गादी. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. मॅनेजरनं आधारकार्ड मागितलं, आडनाव वाचलं, मी त्याच्या भुवया बघितल्या. वडिलांचा फोन आला. सगळं ऐकलं त्यांनी. म्हणाले, "मी येतो उद्या. सरांशी बोलतो. शिकलेला माणूस आहे, समजंल." मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही त्यांच्या दारात गेलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." त्यांनी फोन आईकडं दिला. मग आईचा आवाज आला. "जेवलीस का?" एवढंच. मी फोन ठेवला आणि तोंडात उशी कोंबून रडले. रागानं रडले. सरांवर कमी, स्वतःवर जास्त.

दसऱ्याला विहारात गेले नाही. माळेगावची बाई दवाखान्यात होती, बारामती सोडता येत नव्हती. सकाळी फोन आलाच. गेले. थिएटरमधला पाट उचललेला, जमीन पुसलेली. बाईच्या पाठीत सुई दिली, पाय जड झाले, मॅडमनं पोट उघडलं. आम्ही दोघी कामापुरतं बोलत होतो. बीपी किती. द्या. थांबा. बाळ बाहेर आलं, कोकललं. मुलगी.

भुलीनं बाई थडथड कापायला लागली. तसं होतं. दात वाजत असताना मला विचारती झाली, "मॅडम, तुमी कुठल्या वो?"

माझी मान ताठ झाली. टेबलावर, पोट उघडं असताना पण! मी म्हटलं, "पळसदेवची. बौद्ध आहे मी."

मॅडमचे हात क्षणभर थांबले. बाई म्हणाली, "लय थंडी वाजतीया. माजा हात धरा की."

मी धरला. त्यावरून मी काही ठरवलं नाही. थंडीनं कुडकुडणारी बाई कुणाचाही हात धरते. उद्या तिची सासू मला घर देईल का, हा प्रश्न वेगळा आणि तो मी विचारणार आहे.

बाहेर सर उभे होते. हातात आपट्याचं पान. "मॅडम, सोनं घ्या. झालं गेलं विसरून जा. आईशी बोललोय मी. पुढच्या वर्षी तुमचं हत्यार पहिलं ठेवू, मधोमध. क्वार्टर तशीच आहे. परत या."

मी हात पुढं केला नाही. पान त्यांच्या बोटांत तसंच राहिलं.

"पुढच्या वर्षी मी देणार नाही सर. तुम्ही घरी येऊन मागितलंत तरी."

ते वैतागले. "मग तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय?"

"तुमच्याकडून? काही नाही."

त्यांना ते कळलं नाही. माझ्यासारखीला त्यांच्याकडून काहीच नको असेल, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. चार महिने मला जे पाहिजे होतं त्यावरच त्यांनी मला धरून ठेवलं होतं. पाटावर जागा. घरातली असणं. ते नको झालं आणि त्यांच्या हातात काही राहिलं नाही.

आता सगळे सांगतात, पुण्याला जा. तिकडं कोण कुणाला विचारत नाही. विचारतात, मला माहीत आहे, फक्त वेगळं विचारतात. आणि मी का जाऊ? माझं शिक्षण कमी पडलं? माझ्या हातून कुणी दगावलं? टाक त्यांचा विटाळतो आणि गाव मी सोडायचं, हे कुणी ठरवलं?

मी बारामतीतच राहणार. अजून घर नाही. लॉजवरून कामावर जाते, पाच दवाखाने बोलवतात. दुपारी घरं बघते. कुणाचा चहा घेत नाही. बसत पण नाही. दारातच सांगते, "मी भुलीची डॉक्टर. बौद्ध आहे. जागा भाड्यानं पाहिजे. देणार असाल तर हो म्हणा, नसाल तर कारण सांगा. खरं कारण सांगा."

बहुतेक जण चाचरतात. पाहुणे येणार आहेत, मुलाचं लग्न आहे. मी हलत नाही. म्हणते, हे नको, खरं सांगा. त्यांना घाम फुटतो. फुटू दे. एवढी वर्षं तो आम्हाला फुटला. परवा एकानं चिडून विचारलं, "तुमाला भांडायचंच हाय का?"

मी म्हटलं, "व्हय."